फेडकटाची निंदा आणि निंदकांचा भांग

गिरगावच्या चाळींतून, दादरच्या मैदानांवर व परळ-लालबागच्या गल्ल्यांतून हल्ली तरुणांच्या मस्तकांवर एक विशिष्ट केशरचना सर्रास दिसते. मानेपाशी व कानांभोवती त्वचा दिसेल इतके केस आखूड. तेथून वर जावे तसतसे ते क्रमाक्रमाने वाढत जाऊन माथ्यावर भरघोस व्हावयाचे. हिलाच ‘फेड’ म्हणतात. तरुणांस ही जितकी प्रिय, तितकीच वडीलधाऱ्या मंडळींस अप्रिय. ती परक्यांची नक्कल आहे, बेशिस्तीची खूण आहे आणि निव्वळ उधळपट्टी आहे, असे तीन आरोप तिच्यावर केले जातात. हे तिन्ही आरोप आमच्या मते पोकळ आहेत. आणि त्यांच्यामागील वृत्ती तर अपायकारकही आहे.

प्रथम नकलेचा आरोप घेऊ. आरोप करणाऱ्या गृहस्थांनी क्षणभर आरशापुढे उभे राहावे. त्यांच्या डोक्यावर जो एका बाजूस पाडलेला भांग आहे, तो कोठून आला? त्यांच्या पणजोबांच्या मस्तकावर तो खचित नव्हता. कपाळावरचे व कानांभोवतीचे केस वस्तऱ्याने काढून माथ्यावर घेरा राखावयाचा व त्यात शेंडी बांधावयाची, ही त्या काळची शिष्टसंमत रीत होती. इंग्रजी शिकलेल्या मुलांनी शेंडी टाकून साहेबासारखे केस राखले, तेव्हा धर्म बुडाला म्हणून घरोघर आकांत झाला. आज तोच भांग ‘आपला साधा, सभ्य’ म्हणून मिरविला जात आहे! एका पिढीचा भ्रष्टाचार दुसऱ्या पिढीचा शिष्टाचार होतो, तो असा. बाजू साफ आणि माथा भरलेला, एवढ्यापुरते पाहू गेल्यास नातवाचा फेड हा आजोबांच्या भांगापेक्षा पणजोबांच्या घेऱ्यालाच अधिक जवळचा आहे. परकेपणा हीच कसोटी असेल, तर आक्षेपकांनी प्रथम स्वतः घेरा राखावा आणि मग बोलावे.

दुसरा आरोप बेशिस्तीचा. येथे इतिहासाची थट्टा पाहण्यासारखी आहे. बाजूचे केस कापून वर थोडे राखण्याची ही पद्धत अमेरिकेत रुळली ती विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील सैन्यात. म्हणजे शिस्तीच्या माहेरघरीच! पुढे कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांनी तिला कलेचे रूप दिले आणि 1980 नंतरच्या दशकात रॅप संगीताबरोबर ती जगभर पोहोचली. सैनिकाच्या डोक्यावर जी शिस्त, ती गिरणी कामगाराच्या नातवाच्या डोक्यावर गुंडगिरी कशी होते, हे आम्हांस कोणी समजावून सांगेल काय? दोष केसांत दिसत नसून केस ज्याचे आहेत त्याच्या वस्तीत शोधला जात आहे, हे उघड आहे. कित्येक शाळांतून मुलांस या कारणाने परत धाडतात. शिक्षकांनीच कात्री घेऊन भर वर्गात मुलांचे केस कापल्याच्या वार्ताही वाचावयास मिळतात. शाळेने नियम करू नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुलाला चारचौघांत विद्रूप करणे ही शिस्त नव्हे, ती मानखंडना होय.

तिसरा आरोप उधळपट्टीचा. पंधरवड्यात केस वाढून ही रचना विस्कटते, हे खरे. परंतु त्याचे कारण तिच्या नाजूकपणात आहे. यंत्राच्या पात्यावर जी खाच बसवितात, तीत एक क्रमांकाची सुमारे 3 मिलिमीटर व दोन क्रमांकाची 6 मिलिमीटर केस राखते. शून्यापासून एकपर्यंत आणि एकापासून दोनपर्यंत जाताना मध्ये रेघ उमटू द्यावयाची नाही, हीच या कामातील खरी परीक्षा. पात्याची लहानशी दांडी किंचित उघडावी, किंचित मिटावी, मनगटाच्या हलक्या झटक्याने यंत्र डोक्यावरून बाहेर काढावे आणि उरलेली सावली फणी-कात्रीने पुसावी, तेव्हा कोठे ती रेघ मावळते. गवई एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मींडेने जातो, त्यातलाच हा प्रकार. लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत गणपतीच्या अंगावरील एक छटा दुसरीत विरघळविणाऱ्या कारागिरास आम्ही कलावंत म्हणतो. तेच काम केसांत करणारा मात्र ‘मशीन मारणारा’! आमच्या भाषेनेही या धंद्याचा मान कधी राखला नाही. एखाद्याची खरडपट्टी काढली की आम्ही त्याची ‘बिनपाण्याने हजामत’ करतो. संत सेना न्हाव्याचे अभंग भक्तिभावाने गाणाऱ्या समाजाने त्याच्या हत्यारांस इतके हलके लेखावे, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

आता या तिन्ही आरोपांच्या मुळाशी असलेला प्रश्न. माणसाच्या डोक्यावर सत्ता कोणाची? या प्रश्नाचे एक उत्तर याच मुंबईत 1890 साली दिले गेले आहे. त्या काळी विधवेच्या केशवपनाचा निर्णय घर, जात व शास्त्री मिळून करीत. जिचे मस्तक, तिला विचारण्याचे कारण कोणास वाटत नसे. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने येथील नाभिकांनी एकत्र येऊन या कामास आपला वस्तरा लागणार नाही, असे जाहीर केले. पंडित वाद घालीत राहिले. न्हाव्याने हात आखडता घेतला. त्याच वर्षी लोखंड्यांच्याच चळवळीने गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. आज त्याच रविवारी परळ-लालबागच्या सलूनांत कामगारांचे नातू-पणतू आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतात.

विधवेवरील तो जुलूम व आजच्या मुलाचा उपहास यांना आम्ही एका तराजूत घालीत नाही. ती तुलनाच अनुचित होईल. परंतु दुसऱ्याचे मस्तक हे आपल्या अधिकारातील वस्तू आहे, ही समजूत दोहोंत एकच आहे, आणि तिच्याशीच आमचे भांडण आहे. ज्यांना फेड आवडत नाही त्यांनी तो करू नये. आवडीनिवडीवर कोणाची सक्ती नाही. मात्र मुलाच्या केसांवरून त्याचे शील ठरविण्यापूर्वी त्यांनी एकदा सलूनच्या बाकावर अर्धा तास बसून त्या कारागिराचा हात पाहावा. आणि घरी परतल्यावर पणजोबांची तसबीर असेल, तर तीही नीट न्याहाळावी.