प्रगतिपुस्तकात मन मावेल काय?

शाळेच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षे गणित, विज्ञान, भाषा यांचे गुण असत आणि शेवटच्या ओळीत ‘वर्तणूक : चांगली’ असा एक शेरा असे. तो बहुतेकांना सारखाच मिळे, त्यामुळे पालक तो वाचत नसत आणि मुलेही नाही. ही शेवटची ओळ आता पानभर पसरणार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील परिच्छेद ४.३५ नुसार प्रगतिपुस्तकाने मुलाची बौद्धिक, भावनिक आणि शारीरिक अशी सर्वांगीण वाटचाल दाखवायची आहे. त्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचे स्वतःचे आणि वर्गमित्रांचे मूल्यमापनही असावे, असे धोरण म्हणते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या ‘परख’ या केंद्राने सहावी ते आठवीसाठी तयार केलेल्या नमुन्यात सजगता, संवेदनशीलता आणि सर्जनशीलता या तीन क्षमतांवर भर आहे. गोव्यात नवे धोरण टप्प्याटप्प्याने वर्गात उतरत असताना एक प्रश्न वेळीच विचारायला हवा. मुलाच्या मनाची वाढ टिपायची ती कोणासाठी?

हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अकरा ते चौदा हे वय नाजूक असते. भावनांना आणि समवयस्कांच्या मताला प्रतिसाद देणारी मेंदूतील यंत्रणा यौवनारंभाबरोबर जागी होते. निर्णय आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. ५ ते २५ वर्षे वयोगटाचा एक अभ्यास २०१८ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात एक लक्षणीय गोष्ट आढळली. लहान मूल बहुधा एका वेळी एकच भावना अनुभवल्याचे सांगते, म्हणून तिला नाव देणे त्याला सोपे जाते. किशोरवयात अनेक भावना एकाच वेळी दाटून येतात आणि त्या वेगळ्या करून सांगण्याची क्षमता काही काळ घटते. पुढे तारुण्यात ती पुन्हा वाढते. ‘काय झाले?’ या प्रश्नाला तेरा वर्षांचा मुलगा ‘काही नाही’ म्हणतो, तेव्हा तो दर वेळी लपवतच असतो असे नाही. अनेकदा त्याला खरोखर उलगडत नसते.

अशा मुलाला आपल्या मनातील हालचाल ओळखायला आणि काही महिन्यांपूर्वीच्या स्वतःशी आजच्या स्वतःला ताडून पाहायला शिकवणे, हे शिक्षणाचे काम आहेच. गरजही मोठी आहे. याच परिषदेने २०२२ च्या आरंभी सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य सर्वेक्षण केले. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे प्रमुख कारण असल्याचे ८१ टक्के मुलांनी सांगितले. मनःस्थिती वारंवार बदलत असल्याचे ४३ टक्के मुलांनी नोंदवले. माध्यमिक वर्गांत गेल्यावर शाळेविषयीचे समाधान कमी होत असल्याचेही दिसले. या सर्वेक्षणाची एक अट आकड्यांइतकीच महत्त्वाची होती. मुलांनी मोकळेपणाने लिहावे म्हणून अर्जावर नाव घालणे ऐच्छिक ठेवले होते. खरे उत्तर हवे असेल तर नाव मागू नये, हे परिषदेला तेव्हा उमगले होते. प्रगतिपुस्तकावर मात्र सर्वात वर नावच असते.

इथेच गोम आहे. मुलाच्या मनाचे मूल्यमापन करण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. त्यात विचारकौशल्ये, सामाजिक कौशल्ये आणि भावनिक कौशल्ये यांना स्वतंत्र श्रेणी होत्या. कल्पना उदार होती. पण या श्रेणी चांगल्या असल्या तर विषयांची श्रेणी वर नेण्याची तरतूद तिला जोडली गेली. सहानुभूतीची श्रेणी विज्ञानाच्या श्रेणीला टेकू देऊ लागली, की कोणता शिक्षक आपल्या विद्यार्थ्याला ती कमी देईल? आणि कोणते मूल ‘मला राग आवरत नाही’ असे कागदावर कबूल करील? रकाने भरले जाऊ लागले, शिक्षकांचा वेळ नोंदींत जाऊ लागला आणि २०१७ मध्ये मंडळाने ही पद्धत मागे घेतली. त्या फसलेल्या प्रयोगाचा धडा असा, की ज्या गुणाला बक्षीस जोडले जाते, त्याची प्रामाणिक नोंद होणे बंद होते.

मोजमापाच्या शास्त्रानेही हाच इशारा दिला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि डेव्हिड येगर यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की स्वतःला दिलेले असे गुण शाळांची तुलना करण्यास किंवा त्यांना जबाबदार धरण्यास योग्य नाहीत. प्रत्येक मुलाची मोजपट्टी वेगळी असते. शिस्तीच्या वर्गात बसणारा मुलगा आजूबाजूच्या मेहनती मुलांकडे पाहून स्वतःला आळशी ठरवतो. सैल वर्गातला मुलगा तेवढ्याच मेहनतीवर स्वतःला कष्टाळू म्हणतो. बॉस्टनमधील काही शाळांत नेमके हेच आढळले. परीक्षेतील कामगिरी सुधारलेल्या मुलांनी संयम आणि चिकाटीत स्वतःला इतर शाळांतील मुलांपेक्षा कमी गुण दिले. ‘मी इतरांच्या भावना समजून घेतो : नेहमी, कधीकधी, क्वचित’ या रकान्यातील खूण मुलाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक त्याच्या मोजपट्टीविषयी सांगते. खरोखर वाढणारे मूल आपल्या उणिवा अधिक स्पष्ट पाहू लागते आणि स्वतःला आधीपेक्षा कमी गुण देते, असेही घडू शकते. अशी घट कागदावर अधोगती ठरेल.

मग हे सारे सोडून द्यावे काय? तसेही नाही. सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ शालेय उपक्रमांचा आणि २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये घेण्यात आला. वर्तन, कौशल्ये आणि अभ्यास या तिन्हींत त्यात सुधारणा आढळली. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनमधील ८५ शाळांत किशोरवयीन मुलांना सजगतेचे धडे देऊन पाहिले, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा वेगळा लाभ त्यात दिसला नाही. ऑस्ट्रेलियात तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना भावनानियमनाचे वर्ग दिल्यावर काहींचे आईवडिलांशी संबंध उलट बिघडले. मात्र शिकलेले घरी वापरून पाहणाऱ्या मुलांची स्थिती तुलनेने बरी राहिली. सर्वांना एकाच साच्यातून नेणारा वर्ग आणि सतत स्वतःच्या मनाकडे पाहत बसण्याची सवय, या दोन्हींत धोका आहे. रोज नाडी मोजणारा निरोगी माणूसही अखेर स्वतःला आजारी समजू लागतो.

भारतातील अनुभव अधिक उद्बोधक आहे आणि त्याचे एक टोक गोव्याशी जुळते. गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत विशेष प्रशिक्षित बिगरव्यावसायिक समुपदेशक नेमले, काहींत तेच काम शिक्षकांवर सोपवले. भित्तिपत्रके, मुलांनी मनातले लिहून टाकण्याची पेटी, चर्चा आणि गरजूंना वैयक्तिक सल्ला असे त्याचे स्वरूप होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई घटली आणि नैराश्याची लक्षणेही कमी झाली. शिक्षकांवर काम सोपवलेल्या शाळांत असा फरक पडला नाही. शिक्षकांच्या कुवतीविषयी यातून काही सिद्ध होत नाही. जो माणूस गुण देतो, त्याच्यापुढे मन उघडणे मुलांना अवघड जाते आणि आधीच भरलेल्या वेळापत्रकात आणखी एक काम मावत नाही, एवढाच व्यवहारी बोध त्यातून घेता येतो.

या साऱ्यातून एक साधी, कमी खर्चाची वाट निघते. मुलाकडे स्वतःची एक वही असावी. तीत आठवड्यातून एकदाच, दहा मिनिटे, तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. या आठवड्यात मनाला सर्वाधिक काय लागले किंवा सुखावून गेले? त्या वेळी मी काय केले? पुन्हा तसेच घडले तर वेगळे काय करून पाहीन? ‘संगाथ’ने गोव्यातील शाळकरी मुलांसाठी तयार केलेल्या मोबाइल खेळाचा गाभाही याच जातीचा आहे: अडचण ओळखणे, पर्याय मांडणे, त्यातला एक करून पाहणे. गुण नाहीत, चांदण्या नाहीत, शेरा नाही. तीन महिन्यांनी मुलाने आपली जुनी पाने स्वतः वाचावीत. समजा, सातवीतील एका मुलीला मैत्रिणींनी प्रकल्पाच्या गटातून वगळले. पावसाळ्याच्या आरंभी तिने लिहिले, ‘राग आला. चार दिवस कोणाशी बोलले नाही.’ चतुर्थीच्या सुट्टीनंतर तसाच प्रसंग आला तेव्हा लिहिले, ‘वाईट वाटले. अपमानही वाटला. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारले.’ चार दिवसांचा एक दिवस झाला आणि ‘राग’ या एका शब्दाचे दोन वेगळे शब्द झाले. वाढ म्हणतात ती हीच. ती कोणत्याही श्रेणीत बसणारी नाही, पण त्या मुलीला ती लख्ख दिसते.

इथे भाषेचा प्रश्न येतो आणि गोव्यासाठी तो सर्वात कळीचा आहे. राज्यातील असंख्य मुले घरी कोकणी बोलतात, प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. म्हणजे ज्या वयात भावना गुंतागुंतीच्या होतात, त्याच वयात त्या सांगण्याची शाळेतली भाषा बदलते. इंग्रजीतील अर्जावर हे मूल ‘सॅड’, ‘अँग्री’, ‘हॅपी’ या तीन शब्दांत सारे उरकते. त्याच्या घरच्या भाषेत मात्र हिरमुसणे, ओशाळणे, रुसणे, कुढणे, वैतागणे, हुरहुर, धास्ती, घुसमट असे शब्दांचे भांडार असते आणि त्यातील प्रत्येक शब्दाची छटा वेगळी असते. रुसलेल्या माणसाला कोणीतरी समजूत काढावी असे वाटते. कुढणाऱ्याला कोणी येईल ही आशाच उरलेली नसते. या दोन मुलांना मदतही वेगळी लागते. भावनेला नेमके नाव दिल्याने तिचा जोर ओसरण्यास मदत होते, हे मेंदूच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. शक्य तेथे आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण असावे, असे नवे धोरण सांगते. माध्यमाचा वाद तूर्त बाजूला ठेवला, तरी मनाची वही मुलाने मराठीत, कोकणीत किंवा दोन्हींच्या सरमिसळीत, शुद्धलेखनाची भीती न बाळगता लिहावी, एवढी मुभा देण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

वही मुलाची, तर शाळेचे आणि घराचे काम कोणते? शिक्षकाने शब्द पुरवावेत, स्वतःचा एखादा चुकलेला प्रसंग सांगावा आणि वही न मागता ‘यातले मला काही सांगावेसे वाटते का?’ एवढे विचारावे. सर्वांगीण प्रगतिपत्रकात जायचे असेल तर मुलाने स्वतः निवडलेला एक परिच्छेद जावा. वर्गमित्रांनी एकमेकांना गुण देण्याऐवजी ‘याने या सत्रात मला अशी मदत केली’ असे एक वाक्य लिहावे. गुण दिले की मैत्रीचे गट आणि वैर कागदावर उतरते. पालकांनी वही चोरून वाचू नये, कारण एकदा वाचलेली वही पुढे खरे बोलत नाही. गोपनीयतेला मर्यादा मात्र हवी आणि ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलू लागले किंवा कोणी त्याला त्रास देत असल्याचे कळले, तर मोठ्यांना हस्तक्षेप करावाच लागेल. त्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावेत.

शासनापुढील कामही स्पष्ट आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. गोव्यात शालेय समुपदेशकांची व्यवस्था आधीपासून आहे. तो समुपदेशक किती शाळांत विभागला जातो आणि मुलांना ठरलेल्या दिवशी भेटतो की नाही, हे आता तपासले पाहिजे. दुसरी सावधगिरी तंत्रज्ञानाची. मुलांच्या मनःस्थितीचा आलेख काढून देणारी ॲप्स शाळांच्या दारी येऊ लागतील. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करतो. मात्र शैक्षणिक संस्थांना नियमांनुसार काही सवलत आहे. त्या सवलतीच्या फटीतून तेरा वर्षांच्या मुलाचा राग आणि रडणे एखाद्या कंपनीच्या संगणकात साठू नये, हे पाहण्याची जबाबदारी शिक्षण खात्याची आहे. कागदाची वही हरवते, फाटते आणि एक दिवस मूल ती स्वतःच टाकून देते. या बाबतीत तो तिचा गुणच म्हणावा लागेल.

नव्या प्रगतिपुस्तकाचे यश त्यात किती रकाने भरले यावरून ठरू नये. वर्षाच्या शेवटी आठवीतील एखादा विद्यार्थी, कोणी न विचारता, ‘पूर्वी मला असे झाले की मी दार आपटायचो, आता सांगतो’ असे म्हणू शकला, तर धोरणाचा तो परिच्छेद कामी आला असे समजावे. नाहीतर ‘वर्तणूक : चांगली’ ही जुनी ओळच अधिक चकचकीत कागदावर छापली जाईल आणि पूर्वीप्रमाणेच ती कोणी वाचणार नाही.