सर्च बॉक्सला मराठी येतं का?

फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरतोय? कुणी कॉलेज लायब्ररीचा कॅटलॉग करतंय, कुणी जुन्या वार्षिक अंकांचं अर्काइव्ह, कुणी गावातल्या सरकारी योजनांची साइट. या सगळ्यांत एक सर्च बॉक्स हवाच. आणि तो कसा बसवायचा हा विषय निघाला, की ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, "इलास्टिकसर्च टाकू या!"

जरा थांबा. इलास्टिकसर्च दमदार आहे, पण त्याला वेगळा सर्व्हर लागतो, भरपूर रॅम लागते. हजार-दोन हजार नोंदींसाठी ते वापरणं म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढणं. हलके, फुकट आणि ओपन सोर्स पर्याय आहेत. लनर, मिनीसर्च आणि फ्यूज थेट ब्राउझरमध्ये चालतात. एसक्यूलाइटचं एफटीएस५ तर डेटाबेसच्या फाइलमध्येच बसतं.

यांची तुलना करताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: साइज किती केबी आणि उत्तर किती मिलिसेकंदात. माझं म्हणणं एवढंच, की तुमचा मजकूर मराठी असेल तर हे आकडे नंतर बघा. आधी विचारा, हिला मराठी येतं का?

लनर घ्या. ती इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनलीय. शब्दाच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं ती छाटते. पण तिच्या लेखी अक्षरं म्हणजे फक्त ए ते झेड, आकडे आणि अंडरस्कोर. त्यामुळे 'पुस्तक' हा अख्खा शब्दच छाटला जातो. एरर येत नाही, नुसता शून्य रिझल्ट! हिंदीसाठी वेगळी जोड मिळते, पण मूळ लनर मराठीला जशीच्या तशी चालत नाही.

एफटीएस५ची गंमत वेगळी. त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरं धरलीच जात नाहीत. तिथे शब्द तुटतो. 'मूल' म्हणजे म आणि ल. 'माल' आणि 'मेल' म्हणजेही तेच. शोधायला गेलात मूल, हाती येतो माल! उपाय सोपा आहे: टेबल बनवताना कॅटेगरीजमध्ये 'एमएन' आणि 'एमसी' हे दोन गट वाढवायचे. एका ओळीचं काम आहे, पण ते माहीत असायला हवं.

मिनीसर्च शब्द तोडते ते स्पेस आणि विरामचिन्हांवर, म्हणून मात्रा शाबूत राहतात. नवी नोंद कधीही घालता येते. लनरमध्ये इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो. फ्यूज इंडेक्सच्या भानगडीत न पडता प्रत्येक नोंद तपासत जाते आणि स्पेलिंगच्या चुका पोटात घालते. शे-दोनशे नावांच्या यादीला ती मस्त, लांबलचक लेखांना नको.

म्हणजे मिनीसर्च घेतली की झालं? नाही. दहावीचं सामान्यरूप आठवतंय? 'पुस्तक'वरून 'पुस्तकांमध्ये' सापडेल, कारण सुरुवात तीच आहे. फक्त प्रीफिक्स सर्च चालू करा. पण 'शाळा'चं 'शाळेत' होतं, 'पाऊस'चं 'पावसात'. इथे कुठलीच लायब्ररी आपणहून मदत करत नाही. मिनीसर्चमध्ये प्रत्येक शब्दावर आपलं फंक्शन चालवायची सोय आहे; प्रत्यय काढायचे नियम तिथे लिहा. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो मात्र सारखाच. तोही तिथेच एकसारखा करून घ्या. आणि हे नियम कोडवाल्यांनी एकट्याने लिहू नयेत. मराठी विभागातल्या मैत्रिणीला बोलवा. तिला विभक्ती येते, तुम्हाला जावास्क्रिप्ट!

"लोक इंग्रजीतच टाइप करतात रे, कशाला एवढा त्रास?" असं कुणी म्हणेलच. पण मराठीत शोधून काही मिळतच नसेल, तर लोक मराठीत टाइप करतील कशाला? मी पत्रकारिता शिकतेय, जुना मजकूर शोधणं हे माझं रोजचं काम. सर्चमध्ये न आलेली बातमी वाचकासाठी छापलीच गेलेली नसते. योजनांच्या साइटवर तर 'शिष्यवृत्ती' टाकून काही आलं नाही, की मुलगी समजते, अशी योजनाच नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आता जरा काम करू या. लायब्ररी ठरवण्याआधी दहा शब्दांची परीक्षा घ्या: मूल, माल, शाळेत, पावसात, दुसऱ्या आणि तुमच्या विषयातले आणखी पाच. ब्राउझरसाठी माझं मत मिनीसर्चला, डेटाबेस असेल तर सेटिंग बदललेल्या एफटीएस५ला. तुमचा निकाल वेगळा लागला तरी चालेल, पण तो या दहा शब्दांवर लागू द्या.