स्वस्त रेडिओ, खुला आराखडा

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत सिग्नल गाळण्याचे, त्यातून आवाज वेगळा काढण्याचे काम प्रोग्रॅम करतो. हार्डवेअर थोडकेच उरते, पण तेही महाग पडू शकते. अख्खा बँड एकदम आकड्यांत उतरवणारी वेगवान चिप स्वस्तात मिळत नाही.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी ‘एसबिटएक्स’ या हौशी शॉर्टवेव्ह रेडिओत काढलेला तोडगा म्हणूनच अभ्यासण्यासारखा आहे. त्यातला क्रिस्टल फिल्टर सुमारे २५ किलोहर्ट्झचाच पट्टा पुढे सोडतो. एवढ्या पट्ट्यासाठी साउंड कार्डात असते तसली ऑडिओ चिप पुरते. उरलेले गणित रास्पबेरी पाय हा छोटा संगणक करतो. पट्ट्याबाहेरच्या जोरदार स्टेशनांचा त्रासही फिल्टरपाशीच अडतो. शिवाय सर्किट आणि सोर्स कोड दोन्ही खुले आहेत.

आम्हाला मोल वाटते ते या खुलेपणाचे. आराखडा हाती असला, तर बिघडलेला भाग शोधता येतो, बदलता येतो, सुधारताही येतो. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट कपाटात न ठेवता असेच खुले करावेत, असा आमचा आग्रह आहे. अशा रेडिओवरून प्रक्षेपण करण्यासाठी हौशी रेडिओचा परवाना घ्यावाच लागतो. खुला आराखडा वाचून शिकायला मात्र कोणाचीही परवानगी लागत नाही.