पिठाची पिशवी आणि इतिहास



युद्धावरची पुस्तकं आपल्याकडे कमी नाहीत. मोहिमा, तह, सेनापती, जिंकलेले किल्ले, सगळं त्यांत असतं. पण त्या दिवसांत चूल कशी पेटत होती, पोरांच्या ताटात काय पडत होतं, हे शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. म्हणून या वेळी एका इटालियन कादंबरीकार बाईबद्दल लिहीत आहोत.

एल्सा मोरान्ते (१९१२-१९८५) रोमची. आई ज्यू, पेशानं शिक्षिका. १९४३ मध्ये जर्मन सैन्यानं रोम ताब्यात घेतल्यावर अटकेच्या भीतीनं एल्सा आणि तिचा नवरा, कादंबरीकार आल्बेर्तो मोराविया, फोंदीजवळच्या डोंगरात लपून राहिले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९७४ मध्ये, तिची 'ला स्तोरिया' ही कादंबरी आली. इटालियनमध्ये या शब्दाचे दोन अर्थ होतात: इतिहास आणि गोष्ट. पुस्तक पहिल्यापासून स्वस्त आवृत्तीतच निघावं, असा तिचा आग्रह होता. ते लाखो घरांत पोचलं.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बारीक टायपात त्या वर्षातल्या जगभरच्या घडामोडी येतात. मग सुरू होते इदाची गोष्ट. इदा विधवा आहे, प्राथमिक शाळेत शिकवते. तिची आई ज्यू होती. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनंतर ही गोष्ट कुणाला कळेल या धास्तीत ती जगते. जानेवारी १९४१ मध्ये एक तरुण जर्मन सैनिक तिच्या घरात शिरून तिच्यावर बलात्कार करतो. त्यातून उसेप्पे जन्मतो. १९ जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात सान लोरेन्झो वस्तीतलं तिचं घर जातं. पुढे इदा बेघरांच्या गर्दीत राहते, लेकरासाठी अंडी चोरते, पिठाची पिशवी मिळवते.

१६ ऑक्टोबर १९४३ ला रोममधल्या ज्यूंची धरपकड झाली. हजारावर माणसं आउश्विट्झला धाडली गेली. परतली १६, आणि त्यांत बाई एकच. कादंबरीतली इदा स्टेशनावर त्या बंद डब्यांपाशी उभी राहून आतले आवाज ऐकते.

१९४५ मध्ये युद्ध संपतं. इदाचं संपत नाही. १९४६ मध्ये थोरला मुलगा जातो, १९४७ मध्ये फिट्सच्या आजारानं उसेप्पे. त्यानंतर तिचं भान हरपतं ते कायमचंच.

या पुस्तकावर डाव्या समीक्षकांपैकी काहींनी कडाडून टीका केली. यात संघर्ष नाही, नुसतं सोसणं आहे, असं त्यांचं म्हणणं. संघटनेत काम करणाऱ्या आपल्यालाही हा प्रश्न पडेल. इदा कुणाशी बोलत का नाही? पण ती बोलणार कुठे? इटलीच्या कायद्यात बलात्कार हा १९९६ पर्यंत सार्वजनिक नीतिमत्तेविरुद्धचा गुन्हा मानला जात होता. म्हणजे धक्का लागला तो समाजाच्या अब्रूला. बाईच्या शरीराचा, मनाचा हिशेबच नाही. अब्रूची ही भाषा आपल्याला नवी नाही. अशा समाजात इदाचं गप्प राहणं हा तिचा दुबळेपणा म्हणून सोडून देता येत नाही. त्या गप्पपणाचीही नोंद व्हायला हवी, आणि ती मोरान्तेनं केली.

आणखी एक गोष्ट वाचताना टोचते. तो सैनिक घरच्या आठवणीनं व्याकूळ झालेला पोरगा म्हणून रंगवला आहे. एल्सा त्याला माफी देते का? आम्हाला तसं वाटत नाही. केसेस हाताळताना आपण हेच पाहतो, की अत्याचार करणारा बहुतेक वेळा चारचौघांसारखाच असतो. तो निघून जातो आणि पुढचं सगळं बाईच्या पदरात पडतं. ज्या रोममध्ये ही गोष्ट घडते, तिथेच १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला आणि युद्धातल्या बलात्काराची युद्धगुन्हा म्हणून त्यात स्पष्ट नोंद झाली. कादंबरीनंतर २४ वर्षांनी.

त्याच इटलीत आपलीही माणसं लढत होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथे धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुतळा हवाच. पण अशा हजारो शिपायांच्या घरी शेत कुणी कसलं, सासरी विधवेला कसं वागवलं, पेन्शनचा पैसा कुणाच्या हाती पडला?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संसार केलेल्या बाया आता जवळपास उरल्या नाहीत. त्यांच्या लेकी-सुना आहेत. १९६२, १९६५, १९७१, १९९९ च्या युद्धांत ज्यांची घरं होरपळली, त्या तर आपल्यातच आहेत. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं निदान एकीशी बोलावं आणि तिच्या शब्दांत लिहून काढावं. नाव छापायचं की नाही हे तिनंच ठरवावं. आलेल्या मजकुरासाठी पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

– संपादक मंडळ