घरच्या शाळेत तुकाराम

काटेवाडीत राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने गेल्या उन्हाळ्यात माझ्यापुढे एक यादी ठेवली. ती आणि तिचे यजमान मराठी ख्रिस्ती आहेत. सात आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांना घरीच शिकवायचे, आणि तेही पाठ्यपुस्तकांतून नव्हे, तर साहित्यातून, असे त्यांनी ठरवले आहे. यादी एका अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमाची होती. "सर, यात काय कमी आहे ते सांगा," ती म्हणाली. यादीत मराठी पुस्तक एकही नव्हते. तिला हे दिसले नव्हते असे नाही. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचे असावे.

अशा अभ्यासक्रमांच्या मुळाशी बहुधा शार्लट मेसन (1842–1923) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा विचार असतो. मुलाला सारांश देऊ नये. विषयावर प्रेम असलेल्या लेखकाचे सबंध पुस्तक वाचून दाखवावे, आणि ऐकलेले त्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. ही रीत आपल्याला परकी नाही. कीर्तनाहून परतल्यावर "बुवांनी काय सांगितलं?" असे विचारणाऱ्या आज्या आपल्याकडे होत्याच. अडचण पुढे आहे. मूल परत सांगते ते पुस्तकाच्या भाषेत. अमेरिकन माळरानावरच्या वसाहतवाल्यांची गोष्ट ते इंग्रजीत सांगेल, आणि मराठी उरेल ती उसाच्या तोडीपुरती. ज्या भाषेत विचार करण्याची सवयच लागली नाही, त्या भाषेत ते पुढे प्रार्थना तरी कशी करणार?

मराठी पुस्तके घ्यायची हे तिला मान्य झाले. खरी अडचण मग बाहेर आली. मराठी वाङ्मय गंभीरपणे शिकवायचे तर तुकाराम टाळता येत नाही, आणि ख्रिस्ती घरात तो रोजच्या वाचनात आणावा की नाही, यावर नवराबायकोचे एकमत नाही. काटेवाडीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येथे येते, धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मुले ते बघायला जातातच. जे रस्त्यावर बघायचे त्याचे शब्द घरात मात्र वाचायचे नाहीत, असे किती दिवस चालेल?

मराठी ख्रिस्ती परंपरेने याला दोन उत्तरे दिली आहेत आणि दोन्ही थोरामोठ्यांची आहेत. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो असे मानत. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तो पूल मोडला नाही; ख्रिस्तावर अभंग लिहिले. दुसरे उत्तर शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावी मिळते. पंडिता रमाबाई (1858–1922) शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे शिक्षण आईबापांजवळ, तीर्थयात्रेच्या वाटेवर, भागवताच्या पाठांतराने झाले. वाङ्मयावर उभारलेल्या गृहशिक्षणाचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे नसेल. आणि याच रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना, जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळून खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी योजली. शब्द आपल्याबरोबर काय काय घेऊन येतात हे त्या आतून जाणत होत्या. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीच्या यजमानांची भीती अडाणी म्हणून उडवून लावता येणार नाही.

तरी माझा कौल टिळकांकडे आहे. एक साधे कारण असे, की रमाबाईंना काय टाळायचे हे कळत होते, कारण त्यांना ते मुखोद्गत होते. मुलांना ते आधी कळलेच नाही, तर ती टाळणार तरी काय?

बाकीची यादी करायला फार वेळ लागला नाही. 'यमुनापर्यटन' (1857) आरंभीच्या मराठी कादंबऱ्यांत अग्रमानाचे म्हणून लगेच मुलांच्या हाती देऊ नये. बाबा पदमनजींचा प्रचारकी हेतू ओळखण्याइतके, म्हणजे पंधराएक वर्षांचे, वय होऊ द्यावे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र अकरा वर्षांच्या मुलीला निवडक प्रसंगांनी आजच वाचून दाखवावीत. धर्मांतराने घर दुभंगल्याचे दुःख आणि स्वतःवर हसण्याची ताकद एकाच पानावर नांदू शकतात, हे तिला तेथे ऐकायला मिळेल. विज्ञान आणि जगाचा इतिहास यांसाठी मुलांना रिझवतील अशी मराठी पुस्तके मला पुरेशी सापडली नाहीत. तेथे अमेरिकन यादी राहू द्यावी. परीक्षेची काळजी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेवर सोपवता येते, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही.

राहिले 'क्रिस्तपुराण'. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे हे ओवीबद्ध काव्य गोव्यात 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभी नवख्रिस्ती श्रोत्यांतला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? चारशे वर्षांमागचा हा प्रश्न आणि काटेवाडीतल्या त्या घरातला प्रश्न यांत फारसे अंतर नाही. स्टीफन्सने उत्तर दिले ते ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीत. भाषा जुनी आहे, मुलांना अर्थ निम्मा कळेल. पण ओवी आधी कानाने शिकायची असते. शांताराम बंडेलूंची 1956 ची देवनागरी आवृत्ती मी त्यांना माझ्याकडची दिली आहे.

दर रविवारी संध्याकाळी वीस ओव्या, असे ठरले आहे. त्यावर दोघांचेही एकमत झाले. तुकारामापुढे यादीत अजून पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे. यजमान म्हणतात, पालखी येऊन जाऊ दे, मग बोलू.