टीप हवीच, पण कवितेनंतर

कविता समजावून सांगायची नसते, ती आपोआप भिडते. संदर्भांच्या टिपा लावल्या की रस आटतो, असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. हे मत मला मुळीच मान्य नाही.

बदकांत वाढलेल्या राजहंसाचे कवी गदिमांचे गाणे घ्या. मूळ गोष्ट डॅनिश लेखक अँडरसनची, 1843 सालची. आशा भोसले यांच्या आवाजात ती मराठी घराघरांत पोहोचली. इतक्या सोप्या गाण्याला टीप कशाला, हा पहिला आक्षेप. पण सोपे कुणाला? नाशिकजवळच्या लष्करी देवळाली कॅम्पातली मुले डोळ्यांपुढे आणा: तोफखान्यातल्या जवानांची देशभरातून आलेली मुले, फाळणीनंतर इथे वसलेल्या सिंधी कुटुंबांची नातवंडे, शेजारच्या भगूरची मराठी पोरे. 2020च्या कायद्याने मराठी शिकणे राज्यातल्या सगळ्याच शाळांत सक्तीचे झाले, म्हणजे मराठी कविता या सगळ्यांनाच शिकायची आहे. पिल्लाला कुणी खेळायला घेत नाही, हे वडिलांच्या बदलीपायी वारंवार शाळा बदलणाऱ्या मुलाला सांगावे लागत नाही. शेवट मात्र सांगावा लागतो. अँडरसनच्या हंसाला थोरले हंस जवळ करतात, काठावरची मुले सर्वांत देखणा ठरवतात. गदिमांनी ही सगळी दाद गाळली. त्यांच्या पिल्लाला पाण्यात पाहून स्वतःची ओळख पटते, तिथेच गाणे संपते. मेंढरांत वाढलेल्या आणि पाण्यात आपले रूप पाहून भानावर आलेल्या सिंहाच्या छाव्याचा जुना दृष्टान्त ज्याने ऐकला आहे, त्याला हा शेवट दुप्पट भिडतो. ज्याने ऐकला नाही, त्याने काय करायचे?

टिपेने रस आटतो, हा दुसरा आक्षेप तर आपल्या परंपरेलाच धरून नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच, म्हणजे भाष्यच, आहे. टिपेने रस कसा वाढतो ते पाहा. अँडरसनच्या गोष्टीत एका म्हाताऱ्या बदकिणीच्या पायाला तांबडी चिंधी असते आणि सगळी बदके तिला मान देतात. ही मानचिन्हांची थट्टा आहे, एवढे एक वाक्य सांगा. वडिलांच्या गणवेशावरच्या फिती रोज पाहणारे कॅम्पातले मूल पुढचे स्वतःच बोलू लागेल, खऱ्या आणि पोकळ मानातला फरकही तेच सांगेल. रस वाढतो तो असा.

टिपांमुळे घोकंपट्टी माजते, हा तिसरा आक्षेप खरा आहे. पण तो दोष टिपेला गुण देणाऱ्या परीक्षेचा. त्यावर उपाय संस्कृत काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ याने घालून दिला आहे: निराधार लिहायचे नाही, अनावश्यक सांगायचे नाही. आधी कविता मोठ्याने म्हणावी, मुलांना बोलू द्यावे, मग जिच्यावर अर्थ तोललेला आहे तेवढीच गोष्ट उलगडावी.

टीप नको म्हणणाऱ्यांना हे संदर्भ घरातच मिळालेले असतात. त्यांना आजीने जे सांगितले, ते घरी मराठी नसलेल्या मुलाला शाळेने सांगितलेच पाहिजे.