केसांचा हिशेब

गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्याला लोक हमखास विचारतात, ‘खायला किती लागतं?’ खाण्याचा हिशेब सोपा आहे. पिशवीवर वजन आणि किंमत छापलेली असते. केसांबद्दल कोणी विचारत नाही. खरं तर पिल्लू घरी आणण्याआधी पहिला प्रश्न तोच हवा: या केसांचं काम कोण करणार?

आमचा सोन्या ३२ किलोंचा आहे. पुण्यात आमच्या भागात एवढ्या अंगाच्या, दाट केसांच्या कुत्र्याची अंघोळ, वाळवणं, विंचरणं, पंजांमधले केस, नखं आणि कान असं सगळं धरून एका वेळचे साधारण २,५०० रुपये होतात. महिन्यातून एकदा ग्रूमरकडे न्यायचं म्हटलं तर वर्षाचे ३०,००० झाले. जटा झाल्या असतील तर त्या सोडवायचे पैसे वेगळे, आणि ते वेगळे असायलाच हवेत. हा आकडा ऐकला की नातेवाईक गप्प होतात. त्यांना ही चैन वाटते. मला वाटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगायचं आहे.

सोन्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत. वरचे लांब, किंचित राठ केस पाणी आणि धूळ अडवतात. त्यांच्याखाली, अगदी कातडीलगत, पिंजलेल्या कापसासारखी दाट लव असते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या एका जमीनदाराने १८६८ मध्ये ‘नूस’ नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि ‘बेल’ नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्री यांची पिल्लं वाढवली. त्यांच्यापासून ही जात उभी राहिली. बंदुकीने पाडलेलं पाखरू गार पाण्यातून तोंडात धरून आणायचं, हे तिचं काम. पाण्यातून बाहेर येऊन अंग झटकलं की कातडीपर्यंत गारवा पोचू नये, यासाठी हा कोट.

तो कोट आता पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहतो. जुलैत इथली हवाच ओली असते. सकाळच्या फेरीत पोट, छाती आणि पाय भिजतात. टॉवेलने पुसलं की वरचे केस हाताला कोरडे लागतात, आत लव ओलीच असते. ओल तशीच राहिली की कातडी लाल होते, चिकट होते, खाजते. कुत्रा तिथे चाटत बसतो आणि रातोरात तळहाताएवढी जखम उघडी पडते. डॉक्टर तिला हॉटस्पॉट म्हणतात. पहिला उपाय म्हणजे भोवतीचे केस काढून तिथे वारा लागू देणं. पुढे औषधं, गळ्यात प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर, आणि त्या कॉलरने भिंतींना धडकत फिरणारं बिचारं जनावर.

म्हणून अंघोळीपेक्षा वाळवण्याला जास्त वेळ लागतो आणि खरी मेहनतही तिथेच आहे. आमचा ग्रूमर पंचविशीतला मुलगा आहे. तो आधी अख्खा कुत्रा कोरडाच विंचरतो, कारण गुंता ओला झाला की आवळतो आणि मग सोडवता येत नाही. नंतर पाणी. दाट लवेतून ते कातडीपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, त्यामुळे बोटांनी केस बाजूला करत करत भिजवावं लागतं. शाम्पू खास कुत्र्यांचा. माणसाची त्वचा बरीच आम्लधर्मी असते, कुत्र्याची तेवढी नसते, म्हणून आपल्या शाम्पूने त्यांची कातडी कोरडी पडते. शाम्पू पूर्ण निघेपर्यंत पुन्हा धुवायचं, कारण आत राहिलेला फेससुद्धा खाज आणतो. मग जोराचा ब्लोअर. वाऱ्याच्या झोतात केस दुभंगतात, गुलाबी कातडी दिसते आणि त्या रेषेवर हात फिरवत तो पुढे सरकतो. हे करताना ३२ किलोंचं घाबरलेलं जनावर टेबलावर उभं ठेवायचं, त्याच्याशी बोलत राहायचं, कानाशी आवाज नको म्हणून तिथे झोत मंद करायचा. नाकातोंडात केस जातात, कंबर धरते, कधी चावाही बसतो. या कामाला दीड-दोन तास लागतात. जागेचं भाडं, वीज, पाणी आणि मदतनीसाचा पगार वजा करा, मग त्याच्या हातात काय पडतं ते कळेल. त्याने नुकतेच दर वाढवले आणि मला ते पूर्ण पटले.

दुकान निवडताना एक गोष्ट मात्र जरूर विचारा: कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून गरम हवेने वाळवतात का? अशा पिंजऱ्यात लक्ष नसताना कुत्रे उष्माघाताने दगावले आहेत. दाट केसांच्या, मोठ्या कुत्र्याला हा धोका अधिक. हाताने वाळवणाऱ्याकडेच जा, भले शंभर-दोनशे जास्त पडोत.

महिन्यातून एकदा ग्रूमर, बाकीचे दिवस आपण. याला पर्याय नाही. वरवर ब्रश फिरवला की कोट चमकतो, आणि आत लव गुंतत जाते. केस एका हाताने वर उचलून धरायचे, खालची एक पट्टी मोकळी करून ती मुळापासून विंचरायची, मग पुढची पट्टी. शेवटी लोखंडी फणी घालून बघायची. ती कातडीपासून टोकापर्यंत न अडता गेली तरच काम झालं. गुंता नेमका कुठे धरतो तेही ठरलेलं आहे: कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या मागच्या झुपक्यात, शेपटीखाली. काखेतली जट कुत्र्याला प्रत्येक पावलागणिक ओढते. तो कुरकुरत नाही, फक्त हळू चालतो, आणि लोक म्हणतात, वय झालं.

विंचरताना आणखी एक काम होतं, ते माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं. गोचीड सापडतात. दाट कोटात त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. बोटांच्या बेचक्यांत, कानाच्या आत, मानेच्या वळ्यांत त्या घट्ट बसलेल्या असतात. आपल्याकडची तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया या दोन्ही आजारांचे जंतू वाहते. ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त, गडद लघवी, असं काहीही दिसू शकतं. रक्ताच्या तपासण्या, अनेक आठवड्यांची औषधं, कधी सलाइन, कधी रक्त चढवणं. त्या बिलापुढे ग्रूमरचे पैसे किरकोळ ठरतात, आणि त्या आजारात गेलेले धडधाकट कुत्रे मी पाहिले आहेत.

एप्रिल आला की दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं. मी बसले असताना एक गृहस्थ आपला गोल्डन घेऊन आले आणि म्हणाले, ‘झिरो मारून टाका, उकडतंय त्याला.’ आमचा ग्रूमर म्हणाला, ‘सर, मशीन मारायला मला कमी वेळ लागतो. पण केस पहिल्यासारखे येतील याची गॅरंटी मी देणार नाही.’ गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, या तयारीने तो बोलला. मला त्याचा अभिमान वाटला.

त्याचं म्हणणं बरोबर आहे. मेंढीची लोकर वाढतच राहते, म्हणून धनगर ती वर्षातून दोनदा कातरतात. गोल्डनचा केस ठराविक लांबीला थांबतो, गळतो, मग नवा येतो. मुळापासून भादरलं तर लव आधी वाढते, वरचे राठ केस मागे राहतात, काही कुत्र्यांत कायमचे विरळ होतात. शिवाय कुत्र्याला अंगभर आपल्यासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. वरचा थर त्याला उन्हापासून वाचवतो. तोच काढला तर कातडी भाजते. उकाड्यावरचा उपाय म्हणजे गळून आत अडकलेली लव विंचरून काढणं, म्हणजे हवा खेळते. शस्त्रक्रियेसाठी किंवा सुटण्यापलीकडे गेलेल्या जटांसाठी डॉक्टर केस काढतात, ते वेगळं. विंचरायचा कंटाळा म्हणून काढणं, यात मालकाचे कष्ट वाचतात आणि त्याची किंमत कुत्रा मोजतो.

सेंट बर्नार्डची कथा मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. आल्प्समधल्या २,४६९ मीटर उंचीच्या खिंडीत धर्मोपदेशकांच्या मठातले हे कुत्रे मुळात आखूड केसांचे होते. १८३० च्या सुमारास न्यूफाउंडलंडशी संकर झाला आणि लांब केसांची पिल्लं निपजली. त्या केसांत बर्फ गोठून जड व्हायचा, म्हणून ही पिल्लं खालच्या खोऱ्यातल्या लोकांना देऊन टाकली जात. म्हणजे ज्या कोटाला बर्फातसुद्धा काम जमलं नाही, तो कोट आपण नागपूरच्या मे महिन्यात आणून बसवतो. हौस म्हणून हे कुत्रे विकले जातात आणि वर्ष-दोन वर्षांनी काही जण त्यांना सोडूनही देतात.

घरातल्या कामाचं राहिलंच. लव गळण्याचा मोसम आला की दिवसाला मूठ-मूठ केस निघतात. ते पंख्याच्या पात्यांवर असतात, उशीत असतात, मळलेल्या कणकेत असतात. आमच्याकडे झाडू-पोछा करणाऱ्या मावशींना या घरात इतर घरांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांना आम्ही महिन्याला जास्त पैसे देतो. ग्रूमिंगच्या खर्चातच मी तो धरते. कुत्रा आम्ही आणला, त्याचे केस मावशींनी फुकट का उचलायचे?

ज्यांना एवढा वेळ किंवा पैसा नाही त्यांनी कुत्राच पाळू नये, असं मी म्हणत नाही. आपल्या रस्त्यावरची पिल्लं आखूड केसांची, आपल्या हवेत मुरलेली असतात. आठवड्यातून एकदा रबरी मोजा फिरवला की झालं. मराठवाड्यातला कारवानी जातीचा कुत्रा काटक आहे आणि त्याची अंघोळ बघता बघता वाळते. पण त्याला धावायला मोकळं रान लागतं, तोही विचार आधी करायचा.

आणि गोल्डनच हवा असेल, तर पिल्लू बघायला जाण्यापूर्वी एखाद्या ग्रूमरकडे जाऊन एका मोठ्या कुत्र्याची पहिल्या विंचरण्यापासून शेवटच्या नखापर्यंतची सगळी सेवा बघा. घरातल्या लहान मुलांनाही न्या, कारण ‘मी रोज विंचरीन’ असं वचन तेच देतात. सोन्याची पुढची वेळ शनिवारी सकाळी आहे. ग्रूमरची आणि सोन्याची हरकत नाही, तेव्हा माझ्यासोबत आलात तरी चालेल.